दाराशी ठेवलेले पंख

साताऱ्याच्या कातळात गांधीलमाशीचा जीवाश्म सापडणं जवळपास अशक्य आहे, आणि ही गोष्ट मला कितीतरी वर्षं सलत आली आहे. अजिंक्यतारा चढताना, यवतेश्वरच्या घाटात, कासच्या वाटेवर, जिकडे बघावं तिकडे तोच काळा बसाल्ट. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वर आला, पसरला, थिजला, आणि त्याच्या अंगावर पुन्हा नवा आला. थरावर थर चढत दख्खनचं पठार उभं राहिलं. भूशास्त्रज्ञांनी या थरांची जी वर्गवारी केली आहे, तिच्यातल्या वरच्या मोठ्या गटाला आपल्या वाईचंच नाव आहे, वाई उपगट. या नावाचा मला अभिमान आहे. पण हजार अंशांच्या पुढे तापलेल्या त्या रसात माशी कुठून टिकायची?

घाटरस्त्यासाठी डोंगर कापलेला असतो, तिथे दोन काळ्या थरांच्या मधोमध कधीकधी विटकरी पट्टा दिसतो. एक लाव्हा निवला, ऊन-पावसाने त्याची वरची बाजू झिजून माती झाली, आणि पुढच्या लाव्ह्याने ती माती भाजून काढली. त्या दोन लाव्ह्यांच्या मधल्या काळात तिथे झाडं असणार, किडे असणार, मातीत बिळं करणाऱ्या माश्याही असणार. त्या विटकरी मातीत हात घातला की मला नेहमी वाटतं, आपण एका भरल्या गावाच्या राखेला शिवतो आहोत. मात्र त्या गावातल्या माशांचा एकही पंख आपल्यासाठी उरलेला नाही.

अमेरिकेतल्या कोलोरॅडोमध्ये ज्वालामुखीने नेमकं उलटं केलं. फ्लोरिसंट नावाच्या जागी साधारण ३ कोटी ४० लाख वर्षांपूर्वी एक तळं होतं. शेजारच्या ज्वालामुखींची बारीक राख त्या पाण्यात येत राहिली, तिच्यातल्या सिलिकेवर डायटम नावाची सूक्ष्म शेवाळं माजली, आणि राख आणि शेवाळ यांचे पापुद्रे तळाशी बसत गेले. त्या पापुद्र्यांमध्ये पानं, कोळी, माश्या जशाच्या तशा दाबल्या गेल्या. कीटकशास्त्रज्ञ थिओडोर कॉकरेल यांनी १९०६ मध्ये तिथल्या एका गांधीलमाशीचं वर्णन करून तिला ‘पॅलिओव्हेस्पा’ हे नाव दिलं. आज त्या संरक्षित क्षेत्राच्या बोधचिन्हावर हीच माशी आहे. एखाद्या राष्ट्रीय स्मारकाने वाघ नाही, गरुड नाही, तर गांधीलमाशी मिरवावी, हे मला फार आवडतं. तिच्या चित्रात पोटावरचे पट्टे दिसतात, कंबर दिसते, आणि सगळ्यात स्पष्ट दिसतात ते पंख.

जीवाश्मांत पंख पुष्कळदा सर्वांत स्पष्ट उरतात, ते उगीच नव्हे. किड्याचं शरीर मऊ, आतून रसाळ. पाण्यात पडलं की मासे खातात, पाणकिडे खातात, उरलेलं कुजतं. पंखात मात्र खाण्यासारखं काही नसतं. कायटिनचे, म्हणजे किड्याचं कवच ज्याचं बनतं त्या द्रव्याचे, दोन पातळ पापुद्रे एकमेकांना चिकटलेले, त्यांच्यामधून जाणाऱ्या शिरा, बस. तो सपाट असतो, चिखलावर अलगद बसतो आणि ठसा सोडतो. कितीतरी प्राचीन किडे आपल्याला फक्त एका पंखावरून माहीत आहेत. डोकं कसं होतं, पाय किती लांब होते, काही ठाऊक नाही. पण पंखातल्या शिरा कुठे फुटल्या आणि कुठे जुळल्या ते मात्र स्वच्छ कळतं. १८९८ मध्ये कॉमस्टॉक आणि नीडहॅम या दोघांनी सगळ्या किड्यांच्या पंखशिरांना लागू पडेल अशी एकच नावांची पद्धत मांडली. तेव्हापासून अनुभवी माणूस दगडावरच्या नखाएवढ्या ठशावरून सांगू शकतो, की हा अमक्या कुळातला. मला हे हस्तरेषांपेक्षा कितीतरी भरवशाचं वाटतं.

आता मुळात हा पंख आला कुठून? पाखरांचे पंख म्हणजे बदललेले हात, वटवाघळाचेही तसेच. किड्याचे सहाही पाय जागच्या जागी शाबूत आहेत आणि वर चार पंख आहेत. कुठला अवयव मोडून ते घडवले, हे पटकन दिसत नाही. शंभराहून जास्त वर्षं यावर दोन पक्ष होते. एक म्हणायचा, छातीच्या पाठीकडच्या कवचाची कड बाहेर वाढली, आधी तरंगायला उपयोगी पडली, मग हलू लागली. दुसरा म्हणायचा, पाण्यातल्या पूर्वजांच्या पायांच्या बुडाशी कल्ल्यांसारखे जे पडदे होते, त्यांचेच पंख झाले. २०२० मध्ये हेदर ब्रूस आणि निपम पटेल यांनी झिंग्याच्या दूरच्या नात्यातल्या ‘पार्‌हायेल’ या छोट्या जिवाची जनुकं एकेक करून बंद करून पाहिली, आणि त्याच्या पायाचे तुकडे किड्याच्या पायाच्या तुकड्यांशी जुळवले. त्यांचं म्हणणं असं, की पूर्वजाच्या पायाचा सगळ्यात बुडाचा तुकडाच किड्याच्या अंगात मिसळून गेला, आणि त्या तुकड्यावरचा पडदा पाठीवर सरकून पंख झाला. त्याच वेळी दुसऱ्या एका प्रयोगशाळेने त्याच जिवावर काम करून पंखाला दोन मुळं असण्याच्या बाजूने पुरावा मांडला. वाद मिटलेला नाही. पण पाठीवर कवच म्हणून जे दिसतं, त्यातला काही भाग एके काळी पाय होता, ही कल्पना पहिल्यांदा वाचली त्या रात्री मला झोप लागली नाही. अंगणातल्या मुंगळ्याकडे बघायची रीतच त्यानंतर बदलली.

काळाचाही घोळ आहे. पंख असलेल्या किड्यांचे सर्वांत जुने निर्विवाद ठसे सुमारे ३२ कोटी ५० लाख वर्षांपूर्वीचे. जनुकांवरून हिशेब मांडणाऱ्यांनी २०१४ मध्ये उड्डाणाची सुरुवात ४० कोटी वर्षांच्या आसपास नेली. म्हणजे मध्ये सात-आठ कोटी वर्षांची मोकळी जागा. त्या जागेच्या उंबरठ्यावर स्कॉटलंडच्या ऱ्हायनी इथल्या दगडातला एक जीव उभा आहे, ‘ऱ्हायनिओग्नाथा’. त्याचं म्हणून आपल्याकडे जे आहे ते मुख्यतः दोन जबडे. १९२८ मध्ये त्याला नाव मिळालं. २००४ मध्ये एंगेल आणि ग्रिमाल्डी यांनी जबड्याच्या सांध्यावरून म्हटलं, हा पंखवाल्या किड्यांच्या घराण्यातला असावा. २०१७ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी म्हटलं, ही तर गोम असू शकते. पंखांच्या इतिहासातला इतका मोठा प्रश्न एका जबड्यावर लोंबकळतो आहे, आणि तो जबडा बोलत नाही.

सुरुवातीचे उडणारे किडे भव्य होते. फ्रान्समधल्या कॉमांत्रीच्या कोळशाच्या खाणीत सापडलेला, चतुरासारखा दिसणारा ‘मेगान्यूरा’ पंख पसरून साधारण ६५ सेंटिमीटर भरायचा. मासिकं, संग्रहालयं, मुलांची पुस्तकं, सगळीकडे हाच. मला मात्र त्याच्या आकाराचं फारसं कौतुक नाही. त्याला पंख मिटता येत नव्हते. आजच्या चतुरालाही ते पाठीवर आडवे मिटता येत नाहीत. बसला तरी पंख पसरलेलेच. ज्या किड्यांच्या पंखाच्या बुडाशी एक इवलासा कवचाचा तुकडा फिरू लागला आणि पंख पाठीवर मागे वळवून ठेवता येऊ लागला, खरी क्रांती त्यांनी केली असं माझं ठाम मत आहे. पंख मिटता आला म्हणून सालीखाली शिरता आलं, बिळात जाता आलं, फुलाच्या पोटात उतरता आलं. आज पृथ्वीवर जितके किडे आहेत, त्यातले बहुसंख्य या मिटणाऱ्यांचे वंशज. पंख बाजूला ठेवता येणं हे पंख असण्याइतकंच महत्त्वाचं ठरलं, आणि गांधीलमाश्यांच्या घराण्याने हा धागा पकडून जे केलं, ते दुसऱ्या फार थोड्यांनी केलं असेल.

गांधीलमाश्या, मधमाश्या, मुंग्या हे सगळं एकच खानदान, आजवर वर्णन झालेल्या दीड लाखांहून जास्त जातींचं. त्यांचे सर्वांत जुने जीवाश्म ट्रायासिक काळातले, सुमारे २३ कोटी वर्षांपूर्वीचे. किर्गिझस्तानातल्या मादिगेनचे त्यातले प्रसिद्ध. त्या माशांना कंबर नाही, डंख नाही, पोट छातीला सरळ जोडलेलं. पण पंख पाहावेत! शिराच शिरा, चौकटीच चौकटी. त्या कुळातल्या थोड्या जाती अजून जिवंत आहेत, उत्तरेकडच्या सूचिपर्णी जंगलांत, आणि त्यांच्या पंखांवर आजही तसंच दाट जाळं दिसतं.

तिथून पुढे दगडामागून दगड पाहत यावं तर पंखातली एकेक शीर गळत जाते. दोन शिरा एक होतात. मधली आडवी शीर नाहीशी होते. बाहेरची कड मोकळी पडते आणि आधाराच्या सगळ्या शिरा पुढच्या कडेकडे, बुडाकडे सरकतात. मागचा पंख लहान होतो, आणि त्याच्या पुढच्या कडेवर बारीक हुकांची रांग असते. ते हूक पुढच्या पंखाच्या दुमडलेल्या कडेत अडकतात. उडताना माशी चार पंख हलवत नाही, दोन्ही बाजूंना एकेकच हलवते. घराच्या वळचणीला कागदी पोळं करणारी माशी बसलेली असताना बघा, दोनच अरुंद पट्ट्या दिसतील. पुढचा पंख ती लांबीच्या रेषेत घडी घालून ठेवते.

पंख हलवणारं यंत्रही पंखापासून दूर गेलेलं. उडण्याची ताकद देणारे मोठे स्नायू पंखाला जोडलेलेच नसतात, ते छातीच्या कवचाला जोडलेले असतात. उभे स्नायू आखडले की छातीचं छप्पर खाली येतं आणि पंख वर जातात. आडवे आखडले की छप्पर फुगतं आणि पंख खाली येतात. एक स्नायू ताणला गेला की तो आपोआप आखडतो, त्याने दुसरा ताणला जातो. प्रत्येक फडफडीला मेंदूने वेगळा हुकूम द्यावा लागत नाही. म्हणून तर सेकंदाला शेकडो फडफडी शक्य होतात.

हे सगळं मी पुस्तकातून शिकले, पण मला ते पटलं आमच्या उसात. पलूसकडे आमची थोडी जमीन आहे, ती आबा बघतात. २००२ च्या पावसाळ्यात सांगली जिल्ह्यात उसावर लोकरी मावा आला. पानांच्या खालच्या अंगाला कापूस चिकटावा तसा पांढरा थर, वरच्या पानांवर चिकटा, त्यावर काळी बुरशी. ऊस उंच, पाला दाट. आत शिरून फवारायचं कसं? त्या वर्षांत आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. पुढे मावा आटोक्यात आला त्यात मित्रकिडींचा मोठा हात होता. ‘डिफा’ नावाच्या पतंगाच्या अळ्या, ‘मायक्रोमस’ हा मावा खाणारा किडा, आणि आसामातून इकडे आणलेली ‘एन्कार्शिया’ नावाची चिमुकली गांधीलमाशी. ती माव्याच्या अंगात अंडं घालते आणि तिची अळी माव्याला आतून संपवते. आबांनी डिफाच्या अळ्या डोळ्यांनी पाहिल्या. एन्कार्शिया त्यांना कधी दिसली नाही. जेमतेम मिलिमीटरभराचा जीव, दिसणार तरी कसा?

आता खोडकिडीसाठी आबा ट्रायकोकार्ड लावतात. कागदाच्या तुकड्यावर तांदळावरच्या पतंगाची हजारो अंडी चिकटवलेली असतात, त्या प्रत्येकात ट्रायकोग्रामा नावाच्या चिमुकल्या गांधीलमाशीने आधीच आपलं अंडं घातलेलं असतं. कार्डाच्या पट्ट्या कापून पानांच्या खालच्या बाजूला टाचायच्या. माश्या बाहेर पडतात, खोडकिडीची अंडी हुडकतात आणि त्यात आपली घालतात. एकदा पट्ट्या टाचताना आबा म्हणाले, “एवढ्याशा जिवाला पंख कशाला लागत्यात गं? वाऱ्यानं उडून जाईल की त्ये.”

“वाऱ्यानंच जास्त जातात, आबा. म्हणून तर पट्ट्या जागोजागी लावायच्या. पण पंखही लागतात त्यांना.”

“मग दाखव की.”

मी माझं भिंग काढलं. एक ट्रायकोग्रामा पानाच्या शिरेवर चालत होती. पंखात शीर म्हणावी अशी एकच, पुढच्या कडेने आलेली आणि मध्येच संपलेली. बाकी पारदर्शक पडदा, त्यावर ओळीने केस, आणि कडेला केसांची झालर. आबा बराच वेळ बघत राहिले. नंतर त्यांनी पट्टी जरा खाली, सावलीला सरकवून लावली.

झालरीचं कारण सांगायला त्या दिवशी उसाचंच उदाहरण हाताशी होतं. इतक्या लहान अंगाला हवा पातळ लागत नाही, काकवीसारखी लागते. आपला हात पाण्यातून फिरतो तेव्हा पाणी बोटांमधून निसटतं. पण अतिसूक्ष्म मापात दोन केसांच्या फटीतून हवा निसटायलाच तयार नसते. त्यामुळे नुसत्या केसांची रांगही पडद्याचं काम करते, शिवाय वजन कमी. त्याहून लहान माशांत पडदा उरतो तो दांडीएवढाच, बाकी सगळे केस. २३ कोटी वर्षांपूर्वीच्या त्या जाळीदार पंखापासून हा दांडी आणि केसांचा पंख, दोन्ही एकाच घराण्यातले.

आणि हे लहान जीव उडतात कसे याचं पहिलं मोठं उत्तरही एका एन्कार्शियानेच दिलं. आपल्या उसातली नव्हे, तिची बहीण, ‘एन्कार्शिया फॉर्मोसा’, जी हरितगृहांमध्ये पांढऱ्या माशीविरुद्ध सोडतात. डॅनिश शास्त्रज्ञ टॉर्केल वाइस-फोग यांनी १९७३ मध्ये तिचं उड्डाण तपासलं. सेकंदाला सुमारे ४०० फडफडी. पण नुसत्या फडफडीने इतका उचल मिळत नाही, हे गणित सांगत होतं. त्यांना दिसलं ते असं: पंख पाठीवर एकमेकांवर टाळीसारखे मिटतात, मग पुढच्या कडा आधी झटक्यात उघडतात. मधल्या फटीत हवा आत धावते, दोन्ही पंखांभोवती भोवरे तयार होतात आणि लगेच उचल मिळतो. हरितगृहातल्या भाजीवरच्या एका माशीने उड्डाणशास्त्राचं एक पान लिहिलं, आणि तिच्या बहिणीने आमचा ऊस राखला. कारखान्याच्या काट्यावर ऊस मोजला जातो तेव्हा मला तिची आठवण होते.

पंखांची काटकसर इथे थांबत नाही. या घराण्यातल्या कितीतरी जणींनी पंखच सोडून दिले. मुंग्या म्हणजे पंख टाकलेल्या गांधीलमाश्याच. न्यू जर्सीच्या अंबरात, म्हणजे दगड झालेल्या राळेत, १९६६ मध्ये सापडलेल्या ‘स्फेकोमिर्मा’ मुंगीने ते नातं दाखवून दिलं: सुमारे ९ कोटी वर्षं जुनी, बिनपंखांची कामकरी, काही लक्षणं मुंगीची, काही गांधीलमाशीची. मुंगीला पंख फुटले, असं आपल्याकडे शेफारलेल्या माणसाला म्हणतात. प्रत्यक्षात पंख फुटलेली मुंगी ही उद्याची राणी. तिला एकदाच उडायचं असतं. जोडीदार मिळाला की ती जमिनीवर येते आणि आपले पंख आपल्याच पायांनी मोडून टाकते. मग बिळात स्वतःला कोंडून घेते. अनेक जातींत तिला बाहेरचा घास मिळत नाही. तिच्या छातीतले उडायचे स्नायू विरघळतात आणि त्यांच्यातून तिच्या पहिल्या पिल्लांचं खाणं तयार होतं. ज्या ताकदीने ती आभाळात गेली, तीच ताकद ती लेकींना भरवते. आई म्हणून मला ही ओळ लिहिताना थांबावं लागलं.

म्यानमारच्या अंबरातली एक मादी तर याहून विलक्षण. ‘ॲप्टेनोपेरिसस’, सुमारे १० कोटी वर्षांपूर्वीची, २०१७ मध्ये वर्णन झालेली. पंख अजिबात नाहीत, मागचे पाय टोळासारखे जाड, पोट झुरळाची आठवण करून देणारं. कुठल्याच कुळात बसेना म्हणून तिच्यासाठी नवीन कूळ करावं लागलं. (हे अंबर काचिन प्रांतातल्या खाणींतून येतं. तिथे लष्कर आणि सशस्त्र गट लढत आले आहेत, आणि म्हणून काही संशोधकांनी त्यावर काम करायलाच नकार दिला आहे. मला त्यांचं म्हणणं पटतं. एका माशीच्या चित्रापायी माणसाच्या रक्ताचा व्यापार चालू नये.) आपल्या बाजूला अंबर आहे ते गुजरातेत, सुरतेजवळच्या वस्तानच्या लिग्नाइट खाणीत, सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीचं. २०१० मध्ये त्यातल्या शेकडो किड्यांची माहिती प्रसिद्ध झाली आणि भारत तेव्हा इतर भूखंडांपासून वाटलं होतं तितका तुटलेला, एकाकी नव्हता, हे त्या किड्यांच्या नातेवाइकांवरून कळलं. आमच्या लाव्ह्याने जे राखलं नाही, ते त्यानंतरच्या जंगलातल्या राळेने राखलं. मला त्या खाणीत जायचं आहे.

पण पंख खर्चून टाकण्याची सगळ्यात टोकाची रीत पाहायला मला दूर जावं लागत नाही. कृष्णाकाठच्या औदुंबरला दत्ताच्या देवळाशी, घाटावर, नदीच्या उतारावर उंबरांची झाडं आहेत. उंबर म्हणजे आत वळलेला फुलोरा. फुलं सगळी पोटात. त्या पोटात ‘सेराटोसोलेन फ्युसिसेप्स’ नावाच्या गांधीलमाशीचं अख्खं आयुष्य जातं. नर आधी जन्मतात. त्यांना पंख नसतातच. ते आतल्या आत माद्यांशी मीलन करतात, मग जबड्यांनी उंबराच्या भिंतीला भोक पाडतात आणि मरतात. ज्या जगात ते कधी जाणार नाहीत, त्याची वाट ते दुसऱ्यांसाठी खणतात. माद्या परागकण छातीखालच्या कप्प्यांत भरून त्या भोकातून बाहेर पडतात. आयुष्य उरलेलं असतं एखाद-दोन दिवसांचं. तेवढ्यात दुसरं झाड शोधायचं, तेही नेमक्या अवस्थेतल्या कोवळ्या उंबरांचं.

याच ‘सेराटोसोलेन’ वंशातली आफ्रिकेतली एक जात नामिबियाच्या वाळवंटात वाऱ्यावर १६० किलोमीटरपर्यंत पराग नेते, हे २००९ मध्ये झाडांच्या जनुकांवरून सिद्ध झालं. सांगलीपासून साताऱ्यापर्यंतच्या सरळ अंतराहून जास्त, दोन मिलिमीटरच्या अंगाने. मादी कोवळ्या उंबराशी पोचते तेव्हा समोर तोंडाशी खवल्यांनी गच्च बंद केलेली वाट असते. ती त्या खवल्यांतून डोकं घालून आत घुसते आणि घुसताना तिचे पंख मोडून बाहेरच राहतात. स्पर्शिकांचे तुकडेही. आता तिला बाहेर यायचं नसतं. ती आत फुलांवर पराग घालते, अंडी घालते आणि तिथेच संपते.

ही रीत किती जुनी? इंग्लंडच्या दक्षिणेला वाइट बेटावर सुमारे ३ कोटी ४० लाख वर्षांपूर्वीच्या चुनखडीत एक माशी सापडली होती. १९२० च्या सुमाराला ती मुंगी म्हणून नोंदली गेली आणि तशीच पडून राहिली. २०१० मध्ये स्टीव्ह कॉम्प्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली घेतली. ती उंबराच्या माशांपैकी निघाली. डोक्याचा चपटा आकार तोच, छातीखालचे परागाचे कप्पे तेच. फ्लोरिसंटच्या तळ्यात पॅलिओव्हेस्पा बुडत होती साधारण त्याच काळात ही माशी कुठल्यातरी उंबराकडे निघाली होती आणि पोचली नाही. वाटेत पाण्यात पडली, म्हणून तिचे पंख अंगावर राहिले. पोचलेल्यांचे पंख केव्हाच फळाच्या तोंडाशी गळून गेले असतील.

औदुंबरला पिकून पडलेली फळं फोडून लोक नाक मुरडतात, किडे म्हणून. मी शेजारच्या मुलांना तिथे नेते तेव्हा एक भिंग आणि एक सुई जवळ ठेवते. पिकलेलं तांबडं उंबर आधी नीट फिरवून बघायचं: सालीवर बारीक गोल भोक असेल तर ते नरांनी पाडलेलं. पंख मात्र तिथे शोधू नयेत. त्यासाठी खोडाला लगडलेलं लहान, हिरवं, टणक उंबर हवं, नुकतंच माद्यांना बोलावू लागलेलं. त्याच्या तोंडावरचे खवले सुईने हळूच उचलायचे. दोन खवल्यांच्या मध्ये अडकलेला एखादा पारदर्शक तुकडा मिळतो, शीर एकच, कडेला बारीक केस. तो पांढऱ्या कागदावर ठेवून भिंगातून बघावा. काळ्या कागदावर आणखी छान दिसतो.